तोंडावरचा हात

धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले आणि घरात याद्यांचे दिवस सुरू झाले. किराणा, मानपान, आहेर, पाहुण्यांच्या खोल्या. पुतणीची स्वतःची एक वेगळी यादी होती आणि ती कागदावर नसून फोनमध्ये होती. हिशेब तपासून देण्याचे काम घरात नेहमी माझ्याकडे येते, म्हणून तीही माझ्यापुढे आली. केस, चेहरा, नखे, मेंदी आणि त्याखाली एक ओळ : ‘दात पांढरे करणे’. पुढची रक्कम वाचून मी चष्मा काढून पुसला. माझ्या लग्नात अख्ख्या मांडवाला एवढा खर्च आला नव्हता.

“काका, फोटोत माझे दात पिवळे दिसतात,” ती म्हणाली.

मला तिचे दात कधीच पिवळे दिसले नव्हते. पण दातांच्या रंगावरून माणसाबद्दल मत बनवण्याच्या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झालेली आहे आणि तेव्हापासून या विषयात मी माझ्या डोळ्यांवर फारसा भरवसा ठेवत नाही. म्हणून म्हटले, आधी दंतवैद्याकडे जाऊ, मग रकमेचे बघू.

दंतवैद्य बाई तरुण होत्या. त्यांनी कपाटातून एक पट्टी काढली. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगांचे कार्ड असते ना, तशीच. फक्त हिच्यावर खोट्या दातांचे सोळा नमुने ओळीने बसवलेले. एकेक नमुना पुतणीच्या दाताशेजारी धरून त्या पाहत होत्या. मीही मान लांब करून पाहिले. काही नमुने पिवळसर, काही तांबूस, काही करडे. चुन्यासारखा पांढराशुभ्र त्यांत एकही नव्हता.

“हिचे दात पिवळे नाहीत,” बाई पट्टी मिटत म्हणाल्या, “दातांच्या रंगाचे आहेत.”

दात मुळात पांढरा नसतोच, ही गोष्ट वयाच्या सत्तरीकडे झुकताना मला कळली. बाहेरून दिसते ते इनॅमलचे कवच. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण ते दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो पिवळसर असतो. काचेआडून पडद्याचा रंग दिसावा तसा हा आतला रंग बाहेर दिसतो. गंमत म्हणजे हस्तिदंत म्हणजे मुख्यतः हत्तीचे डेंटिनच. हस्तिदंती रंगाचा शालू आपण कौतुकाने घेतो आणि तोच रंग तोंडात दिसला की डॉक्टर गाठतो!

वय वाढते तसे इनॅमल चावून-घासून झिजत जाते आणि आतले डेंटिन जाड होत जाते. म्हणजे काच पातळ आणि पडदा दाट. माझ्यासारख्याचे दात पुतणीपेक्षा पिवळे दिसतात यात अस्वच्छता कमी आणि वय जास्त. लहान मुलांतही असाच एक घोटाळा होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात पडून कायमचे यायला लागतात तेव्हा ते शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात. घरोघरच्या आया घाबरतात, मुलाला दुप्पट घासायला लावतात. वास्तविक दुधाचे दात जास्त पांढरे असतात एवढेच.

हा झाला जन्मजात रंग. त्यावर आपण जे चढवतो ते वेगळे. चहा, कॉफी, तंबाखू, पान. दातावर लाळेचे एक अदृश्य, चिकट पटल सतत असते आणि चहातला तुरटपणा देणारी द्रव्ये त्यात अडकून बसतात. पण आपल्या दूध घातलेल्या चहाबद्दल बाईंनी बरे सांगितले. दुधातली प्रथिने ही तुरट द्रव्ये स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे कोऱ्या चहापेक्षा दुधाच्या चहाचे डाग कमी पडतात. मी दिवसातून पाच कप घेतो. ते वाक्य घरी आल्यावर मी बायकोला दोनदा ऐकवले.

पानाचे डाग तांबडे-तपकिरी, तंबाखूचे काळपट. आणि मिसरीचे? माझ्या आजीच्या तोंडात उभा जन्म मिसरी होती. सातारकडच्या आमच्या घरी सकाळी चुलीवर तवा ठेवून ती तंबाखू भाजायची. काळी कुळकुळीत होईपर्यंत. साऱ्या घराला ठसका लागायचा. मग ती चुरून डबीत भरायची. कोकणात तिला मशेरी म्हणतात. आजीच्या लेखी ते व्यसन नव्हते, दात घासणे होते. फक्त ते दिवसातून चार वेळा व्हायचे, आणि एकदा चुकले की डोके धरायचे. तंबाखू ती तंबाखूच, भाजली म्हणून तिचे गुण जात नाहीत. हिरडीतून निकोटिन रक्तात जाते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि गरोदरपणात तोंडात तंबाखू धरली तर मूल कमी वजनाचे जन्मते. भारत सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागू होणार?

आमच्या आजोबांची मात्र राखुंडी. गोवऱ्यांची राख, त्यात थोडे मीठ. आम्हा पोरांनाही तीच. हाताच्या पहिल्या बोटाने खसाखसा घासायचे, मग लोटाभर पाण्याने चुळा. पुढे काळी पावडर आली, मग पांढरी पावडर, मग ट्यूब. आज माझ्या पुतणीच्या बेसिनवर कोळशाची टूथपेस्ट आहे. किंमत पाहिली तर आजोबांनी गोठ्यात केवढी इस्टेट जाळली, याची कल्पना येते. राख काय, कोळसा काय, खरखरीत वस्तूने डाग घासून निघतात हे खरे. पण रोज घासले तर डागाबरोबर इनॅमलही निघते, आणि ते पुन्हा येत नाही. कातडी नवी येते, हाड सांधते, इनॅमल एकदा गेले की गेले. ते पातळ झाले की आतला पिवळा थर अधिकच दिसतो. म्हणजे पांढरे करायला जावे आणि पिवळे करून बसावे.

आणि पांढरेच दात हवेत, हे तरी कुठे त्रिकालाबाधित आहे! आपल्याकडे जुन्या काळी सवाशिणी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. तो शृंगाराचा भाग होता. जपानातही विवाहित स्त्रिया आणि सरदार-दरबारी लोक दात काळे करीत. तिथल्या सरकारने १८७० साली सरदार घराण्यांना ते बंद करायला लावले आणि १८७३ मध्ये सम्राज्ञीच पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हा ती प्रथा हळूहळू मावळली. आज पुतणीच्या फोनमधल्या नट्यांचे दात पाहून मला वाटते, अजून शंभर वर्षांनी लोक यांच्याकडे पाहून काय म्हणतील कोण जाणे.

तर बाई पुतणीला प्रश्न विचारत होत्या. चहा किती? लहानपणी दीर्घ आजार? टेट्रासायक्लिनसारखे औषध? हे प्रतिजैविक आठ वर्षांच्या आतल्या मुलाला किंवा गरोदर बाईला दिले तर ते बनत्या दातात मिसळते आणि कायमचे पिवळे-करडे पट्टे राहतात. म्हणून आता या वयात ते टाळतात. पूर्वी ते सर्रास दिले जाई. पडून दाताला मार लागला होता का? आतली नस मेली की एखादाच दात काळवंडतो. आणि मग शेवटचा प्रश्न : “आठ वर्षांची होईपर्यंत कुठे राहत होतीस? पाणी कुठले प्यायचीस? नळाचे की बोअरचे?”

हा प्रश्न मला कुणी तेहतीस वर्षांपूर्वी शिकवला असता, तर एका तरुणाचे वर्ष वाचले असते.

१९९२ साली माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात एका खेड्यातल्या शाखेत झाली. गावाचे नाव लिहीत नाही. आम्ही साताऱ्याकडची माणसे. ती माती, ती बोली, सगळेच नवे होते. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली गरीब कुटुंबांना म्हैस, शिलाई यंत्र, लहान दुकान यांसाठी कर्जे देत असू. रोज दहा-पाच अर्जदार समोर बसायचे. माझ्या एक लक्षात आले होते, की इथली तरुण मुले-मुली माझ्याशी बोलताना तोंडावर हात धरतात. तळहात ओठांसमोर आडवा. मला वाटायचे, ही साहेबापुढची अदब. खोटे कशाला बोला, ते मला थोडे आवडायचेही.

एक एकवीस वर्षांचा मुलगा सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी पाच हजारांचे कर्ज मागायला आला. फॉर्मवर सही करताना त्याचा हात बाजूला झाला आणि मला त्याचे दात दिसले. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे, कडेला खडूसारखे पांढरट ठिपके, मध्ये बारीक खड्डे.

“तंबाखू किती खातोस रे?” मी विचारले.

“नाही जी साहेब. सुपारीबी नाही खात.”

“मग हे दात?”

त्याचा हात परत वर गेला. “असेच हाय जी. लहानपणापासून.”

त्याचा थोरला भाऊ जामीन राहायला सोबत आला होता. तीस-एकतीसचा. त्याचे दात स्वच्छ, सरळ, मोत्यासारखे. मला वाटले, झाले, पुरावा मिळाला. एकाच घरात वाढलेले, एकच भाकरी खाणारे दोघे भाऊ. एकाचे दात असे, दुसऱ्याचे तसे. म्हणजे एक सरळमार्गी आणि दुसरा व्यसनी, वर खोटारडा. मी अहवालात लिहिले : ‘अर्जदारास तंबाखूचे व्यसन असावे. तूर्त निम्मी रक्कम द्यावी.’ आणि अडीच हजार मंजूर केले. शिवाय त्या मुलाला दहा मिनिटे व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिले. तो ‘हाव जी’ म्हणत तोंडावर हात ठेवून ऐकत होता. भाऊ जमिनीकडे पाहत होता.

त्या पंधरा ऑगस्टला जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदनानंतर बँकेतर्फे वह्या आणि पेढे वाटायला मला बोलावले होते. मुले ओळीने येत होती. पेढा तोंडात गेला की हात बाजूला व्हायचा आणि दात दिसायचे. पहिलीपासून सातवीपर्यंत, जवळपास सगळ्यांच्या पक्क्या दातांवर तेच तपकिरी पट्टे. कुणाचे फिकट, कुणाचे गडद. सहा-सात वर्षांची पोरे तंबाखू खात नसणार, एवढे तर मलाही कळत होते. माझ्या हातातला पेढ्याचा खोका जड झाला.

मुख्याध्यापक वर्ध्याकडचे होते. चहा घेताना मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “पाण्यात फ्लोराईड आहे, साहेब. त्या हापशीच्या.” आणि त्यांनी मला तारखा सांगितल्या. बँकेच्या माणसाला तारखा लवकर पटतात. १९७२च्या दुष्काळात आडाचे पाणी आटले. सरकारी यंत्र आले, खडकात खोल भोक पाडले आणि १९७३च्या सुरुवातीला गावात हापशी बसली. भर उन्हाळ्यातही पाणी. गावाने नारळ फोडले. त्यानंतर सगळा गाव हापशीवर. आणि त्यानंतर ज्यांचे दात घडले, त्या प्रत्येकाच्या तोंडात ही खूण.

कायमच्या दातांचे इनॅमल जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. त्या काळात पोटात फ्लोराईड जास्त गेले तर इनॅमलची घडण बिघडते. ते खडूसारखे सच्छिद्र होते, त्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि पुढे त्यांतच तपकिरी रंग मुरतो. घासून तो जाणार कसा, तो वरचा नसतोच. आणि इनॅमल एकदा तयार झाल्यावर तेच पाणी कितीही प्याले तरी दातांचा रंग तसा बदलत नाही. मुख्याध्यापकांची थोरली दोन मुले बदलीच्या वेळी दहा-बारा वर्षांची होती. त्यांचे दात स्वच्छ. धाकटी इथे जन्मली. तिच्या दातांवर पट्टे.

मी मनात वजाबाकी केली. थोरला भाऊ १९६१चा. हापशी आली तेव्हा बाराचा. आडाच्या पाण्यावर त्याचे दात घडून गेले होते. धाकटा १९७१चा, तेव्हा दोनचा. ज्या फरकाला मी व्यसनाचा पुरावा मानले, तोच फरक त्याच्या बाजूने साक्ष देत होता.

बँकेच्या कागदावर खोडायचे तर शेजारी सही करावी लागते. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडली आणि पूर्ण सही केली. पण वरिष्ठांकडे गेलेला प्रस्ताव परत फिरवणे एवढे सोपे नसते. त्या वर्षीचे उद्दिष्ट संपले होते; उरलेले अडीच हजार त्याला पुढच्या वर्षी मिळाले. तोवर त्याने एक पंप, दोन पाने आणि उसनवारीच्या ट्यूब यांवर दुकान रेटले. मी त्याला सांगितले, की माझी चूक झाली. तो म्हणाला, “साऱ्यांलेच तसं वाटते जी.” गावातल्या मुलींची स्थळे बाहेरची मंडळी दात पाहून मोडतात, हेही त्यानेच तेव्हा सांगितले.

हे कोडे जगात पहिल्यांदा सुटले तेही असेच रेंगाळत. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. तिथल्या मुळच्या रहिवाशांचे दात तपकिरी, आणि बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे मात्र स्वच्छ. त्याला पाण्याचा संशय होता, पण पाण्यात काय आहे ते सापडेना. तीस वर्षे तो माग काढत राहिला. अखेर १९३१ साली ॲल्युमिनिअमच्या एका कंपनीतल्या चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने बॉक्साइट नावाच्या गावच्या पाण्यात भरपूर फ्लोराईड असल्याचे शोधून काढले. मॅकेने आणखी एक नोंद केली होती : हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. त्यातूनच थोडे फ्लोराईड दातांना हितकारक आणि फार झाले तर घातक, हे कळले आणि टूथपेस्टमध्ये फ्लोराईड आले. म्हणून टूथपेस्टला घाबरू नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंतच्याला वाटाण्याएवढी द्यावी, आणि थुंकायला शिकवावे. मुले गोड पेस्ट गिळतात, ते बघावे.

आपल्या देशात १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराईडमुळे माणसांची हाडेही जखडतात, हे नोंदले गेले. दात ही फक्त पहिली घंटा. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर गुडघे, मान, पाठ आखडत जातात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत खोल खडकातले पाणी ही मर्यादा ओलांडते. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. उकळून उपयोग नाही; उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराईड अधिकच दाट होते. साधा कापडी वा मेणबत्तीचा फिल्टरही ते अडवत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते गाळात बसवण्याची पद्धत सत्तरच्या दशकात काढली. ती नलगोंडा या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या, जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. पण खरा उपाय म्हणजे दुसरीकडचे पाणी आणणे. आमच्या त्या गावाला १९९६ मध्ये नदीवरून नळ आला. तोवर माझी बदली झाली होती.

पुतणीच्या खुर्चीकडे परत येतो.

बाईंनी तिचे दात आधी नुसते साफ करायचे ठरवले. याला आपल्याकडे उगाच भितात. “दात साफ केले की हलायला लागतात,” हे मी निदान पन्नास माणसांच्या तोंडून ऐकले असेल. खरे असे असते, की दातांच्या फटींत साठलेले खडूसारखे किटण निघाले की मूळची फट जिभेला लागते आणि माणसाला वाटते, डॉक्टरांनी भोक पाडले. हलत असतील तर ते दात त्या किटणामुळे सैल झालेल्या हिरडीनेच आधी हलते केलेले असतात. चहा, पान, तंबाखूचे वरचे डाग या सफाईतच बहुतेक निघतात. माझे स्वतःचेही मी त्याच दिवशी करून घेतले. घरी आल्यावर बायको म्हणाली, “वेगळे दिसताय, पण काय ते कळत नाही.” पाच कप चहा चालूच आहे, त्यामुळे ते वेगळेपण किती टिकेल ते दिसतेच आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे ब्लीचिंग. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपते आणि रंगद्रव्य मोडते. दवाखान्यात हिरड्यांना संरक्षक लेप लावून तीव्र द्रावण काही मिनिटे ठेवतात. किंवा दातांचे माप घेऊन पातळ खोळ बनवून देतात. तिच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचा सौम्य जेल भरून रात्री घालायची, दोनेक आठवडे. ही रात्रीची पद्धत १९८९ पासून रूढ झाली आणि बाईंच्या मते तीच सबुरीची. काही दिवस दात शिवशिवतात, गार पाणी झोंबते. रंग कायम राहत नाही. वर्ष-दोन वर्षांत चहा आपला हक्क परत घेतो. आणि एक गोष्ट पुतणीसारख्यांनी आधी विचारावी : टोपी बसवलेले किंवा समोर सिमेंट भरलेले दात ब्लीचने बदलत नाहीत. शेजारचे उजळतात, ते तसेच राहतात, आणि मग पूर्वी न दिसणारा दात लक्ष वेधून घेतो. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, गरोदरपण यांत हे करू नये. टेट्रासायक्लिनचे पट्टे महिनोन् महिने दाद देत नाहीत.

घरगुती उपायांत सर्वांत वाईट लिंबू. लिंबू-मीठ, लिंबू-सोडा अशी जोडपी घरोघर फिरत असतात. लिंबाची आंबट धार इनॅमल विरघळवते आणि त्यावर मिठाचे खडे घासले की मऊ झालेला थर खरवडून निघतो. पहिल्या दिवशी दात चमकतात खरे. लिंबू, चिंच, शीतपेय घेतल्यावर लगेच ब्रशसुद्धा करू नये. चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास थांबावे. जेवल्यावर खळखळून चूळ भरायची आपली जुनी सवय त्या दृष्टीने सोन्यासारखी. हॉटेलात जेवायला लागल्यापासून ती सुटत चालली आहे.

निघताना मी बाईंना त्या पट्ट्यांबद्दल विचारले. मोठ्या माणसाला काही करता येते का? त्या म्हणाल्या, येते. फिकट असतील तर वरचा अगदी पातळ थर रासायनिक लेपाने घासून काढतात, किंवा पातळ राळ इनॅमलमध्ये मुरवतात; गडद आणि खड्ड्यांचे असतील तर दाताच्या रंगाचे पापुद्रे चिकटवतात. नुसत्या ब्लीचने कधी कधी पांढरे ठिपके उलट उठून दिसतात.

पुतणीने साफसफाईवर भागवले. वाचलेल्या रकमेतून तिने काय घेतले ते मला सांगण्यात आलेले नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात मला पांढरकवड्याहून लग्नाची पत्रिका आली. सायकलवाल्या मुलाच्या, आता चोपन्नीच्या गृहस्थाच्या, मुलीचे लग्न. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडल्यापासून दिवाळीला त्याचा फोन असतो. आता दुकान मोटारसायकलींचे आहे. मी गेलो. जेवणानंतर त्याला बाजूला घेऊन दंतवैद्य बाईंनी सांगितलेले सगळे सांगितले. नागपूरला दाखव, खर्चाचे आपण बघू, असेही म्हटले. तो तोंडावर हात धरून हसला. “आता कोनाले दाखवाचे जी, साहेब?”

मुलगी १९९८ची, नदीच्या पाण्यावर वाढलेली. तिचे दात तिच्या मोठ्या काकांसारखे. स्टेजवर फोटो चालू होते. बापलेकीचा फोटो घ्यायचा तर फोटोवाला सारखा ओरडत होता, “काका, हात खाली! काका, हात!” हात खाली जायचा, ओठ घट्ट मिटायचे. मग मुलीने त्याचा तो उजवा हातच आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला, मेंदी लावलेल्या, आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. तो खदखदून हसला. हात वर यायला धडपडला, पण तिने सोडला नाही.

तो फोटो त्याने मला पाठवला आहे. वरचे सहा दात दिसतात, पट्ट्यांसकट.